लिव्हर आत, करंट चालू

मामाच्या निकॉन एफई या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात सेल टिकत नव्हते. नवे घातले की पहिला रोल व्यवस्थित निघायचा. दुसरा कधी निघायचा, कधी नाही. मधे दोन-तीन आठवडे कॅमेरा कपाटात राहिला, तर बाहेर काढल्यावर हमखास बंद. वापरून सेल संपले असते तर मी काही म्हटलं नसतं. पण कपाटात बसून संपतात म्हणजे करंटला आत कुठेतरी वाट मिळते आहे, आणि ती सापडल्याशिवाय नवे सेल घालण्यात अर्थ नाही, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. शोधात जवळजवळ सगळा पावसाळा गेला. जुना फिल्म कॅमेरा घरात असलेल्या कुणालाही ही अडचण येऊ शकते, म्हणून काय केलं आणि कशातून काय कळलं ते सविस्तर लिहिते.

या कॅमेऱ्यात सेलचं काम काय, ते आधी सांगायला हवं. एफई १९७८ साली आला. त्याच्या आदल्या वर्षी आलेला एफएम हा त्याचा थोरला भाऊ पूर्ण यांत्रिक. त्याचं शटर स्प्रिंगवर चालतं, सेल फक्त प्रकाश मोजण्यापुरता. सेल संपला तरी एफएम सगळ्या वेगांवर फोटो काढतो. एफईचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र केवढं उघडायचं, ते आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. त्यासाठी तळाशी, नाण्याने फिरवून उघडायच्या झाकणामागे दोन बटण सेल बसतात. ते संपले की ऑटो बंद आणि डायलवरचे आकडेही बंद. उरतात फक्त एम९० आणि बी, कारण तेवढे दोनच यांत्रिक आहेत. एम९० म्हणजे सेकंदाचा नव्वदावा भाग, बी म्हणजे बटण दाबून धरलं आहे तोवर शटर उघडं.

हे सगळं मी कचराळी तलावावर प्रत्यक्ष बघितलं. ठाण्यातले तलाव कृष्णधवल रोलवर काढायचे, असं बरेच दिवस मनात होतं. मासुंदा, सिद्धेश्वर, रायलादेवी, आंबेघोसाळे, उपवन, एकेक करत चालले होते. कचराळीला सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत पोचले, काठावरच्या झाडांचं प्रतिबिंब धरलं, बटण दाबलं आणि आरसा वर गेला तो खाली आलाच नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. डायल एम९० वर फिरवला तेव्हा तो खाली आला. उरलेला रोल मी एम९० वरच, सावलीच्या भागात अ‍ॅपर्चर एफ८ धरून, अंदाजाने संपवला. चारशे आयएसओचा, म्हणजे उजेडाला बऱ्यापैकी संवेदनशील रोल होता, तो तेवढं सांभाळून घेतो. पण पाण्यावरची चमक आणि काठावरची सावली एकाच फ्रेममध्ये नीट बसवायची, तर कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर लागतोच. अंदाजावर काढलेल्या त्या रोलमधलं एकही चित्र मी मोठं करून घेतलेलं नाही.

मामाला फोन केला. तो म्हणाला, “अगं, माझ्याकडे असताना वर्ष-वर्ष सेल बदलायला लागायचे नाहीत. लिव्हर आत ढकलतेस ना?” या प्रश्नाला कारण आहे. एफईला वेगळं चालू-बंद बटण नाही. रोल पुढे ओढायचा लिव्हर अंगठ्याने थोडा बाहेर काढून ठेवला की मीटर चालू, तो पार आत, कॅमेऱ्याच्या अंगाला चिकटवला की बंद. बाहेर राहिलेला लिव्हर हे या कॅमेऱ्यात सेल संपण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. दुसरं नेहमीचं कारण मोटर ड्राइव्ह, म्हणजे रोल आपोआप पुढे ओढणारी जोडमोटर. मामाकडे जुना एमडी-११ आहे. तो तळाला लावून त्याचं बटण चालू ठेवलं, तर लिव्हर आत असूनही मीटर जागाच राहतो. पुढे आलेल्या एमडी-१२ मध्ये मीटर थोड्या वेळाने आपोआप बंद व्हायची सोय केली आहे, एमडी-११ मध्ये ती नाही. पण माझ्याकडे ड्राइव्ह नव्हता, आणि लिव्हर प्रत्येक वेळी आत जात होता. म्हणजे ही दोन्ही कारणं बाद.

मग सेलकडे वळले. स्टेशनजवळच्या एका दुकानातून दहाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले एलआर४४ मी आणत होते. खेळण्यांत, कॅल्क्युलेटरमध्ये हेच असतात. जांभळी नाक्याजवळ घड्याळं दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांना पुठ्ठा दाखवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला. “ताई, यावर तारीख कुठाय? हा दुकानात उन्हात किती महिने टांगला होता, कुणाला माहीत? घड्याळाला मी हे कधीच घालत नाही.” त्यांनी ड्रॉवरमधून दुसरे दोन काढून दिले, पाकिटावर ३५७ असा आकडा. घड्याळवाल्यांच्या भाषेत ३५७ किंवा ३०३ म्हणतात तेच एसआर४४.

एलआर आणि एसआर हा फरक जुन्या कॅमेऱ्यासाठी महत्त्वाचा आहे. माप दोघांचं एकच, ११.६ मिलिमीटर व्यास आणि ५.४ मिलिमीटर उंची, म्हणून एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. पण एलआर अल्कलाइन आहे आणि एसआर सिल्व्हर ऑक्साइड. अल्कलाइनचं व्होल्टेज पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातं. सिल्व्हर ऑक्साइड दीडच्या थोडं वर, १.५५ व्होल्टच्या आसपास, जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम पडतो. प्रकाश मोजणाऱ्या सर्किटला असा सपाट सेल मानवतो. शिवाय त्याची क्षमताही थोडी जास्त, साधारण १५० ते २०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे १ मिलिअँपिअर करंट इतके तास पुरेल. अल्कलाइनची त्याहून कमी, आणि तीही सेल ताजा असेल तर. आणखी एक पर्याय म्हणजे ३ व्होल्टचा सीआर१/३एन हा एकच लिथियम सेल. दोन बटण सेल एकावर एक ठेवले की जेवढी उंची होते, तेवढाच तो असतो. एफईला तोही चालतो.

एसआर४४ घातल्यावर फरक पडला, पण रोग तोच राहिला. आठवड्यांचा अवकाश थोडा लांबला, एवढंच. म्हणजे उन्हात वाळलेले सेल हे एक कारण खरं, पण मूळ कारण दुसरंच. काकांकडे परत गेले तेव्हा त्यांनी काढलेले सेल त्यांच्या व्होल्टेज मोजायच्या मीटरवर ठेवले. “एक पस्तीस. घड्याळात असते तर कधीच बंद पडलं असतं. हे कुणीतरी ओढलेत.”

त्यांच्या त्या वाक्यामुळे मी लॅमिंग्टन रोडवरून एक साधा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजणारं यंत्र, आणला. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखं व्होल्टेजच मोजत राहिले. रोज रात्री सेल बाहेर काढायचे, मोजायचे, वहीत लिहायचं, परत घालायचे. त्या आकड्यांतून काहीच हाती येईना. सिल्व्हर ऑक्साइडचा आकडा सपाटच राहतो, त्यामुळे अर्धा संपलेला आणि नवा यांत फरक दिसत नाही. अल्कलाइन तर त्याहून फसवा. भाराखाली दबलेला सेल रात्रभर बाहेर ठेवला की सकाळी पुन्हा वर आलेला दिसतो. कॅमेऱ्याच्या पाठीवर सेल तपासायचा छोटा लिव्हर आहे, तो दाबला की लाल दिवा लागतो. पण दिवा लागला म्हणजे आत्ता या क्षणी पुरेसा जोर आहे, यापलीकडे तो काही सांगत नाही. गच्चीवरच्या टाकीत सकाळी पाणी किती आहे ते बघून रात्रभर कुठला नळ गळतो ते कळत नाही, तसंच हे. मोजायचा तो करंट, आणि तोही कॅमेरा ‘बंद’ असताना.

हे करायला काही अवघड नाही, पण एक धोका आधी सांगते. मल्टिमीटर करंटवर ठेवून त्याचे दोन प्रोब, म्हणजे तारांची धातूची टोकं, सेलच्या दोन बाजूंना कधीही लावू नयेत. त्या अवस्थेत मल्टिमीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार असते. सेल शॉर्ट होतो, मल्टिमीटरचा फ्यूज जातो. करंट मोजताना मल्टिमीटर वाटेच्या मधोमध यायला हवा, म्हणजे सेलमधून निघालेला करंट त्याच्यातून जाऊनच कॅमेऱ्यात पोचला पाहिजे.

एफईत ही सोय तळाच्या झाकणामुळे होते. झाकण धातूचं आहे आणि तेच सेलची बाहेरची बाजू कॅमेऱ्याच्या बॉडीला जोडतं. झाकण काढलं की सर्किट तुटतं. मग झाकणाचं काम मल्टिमीटरकडून करून घ्यायचं. मी लेन्स खाली करून नाही, तर कॅमेरा उलटा, तळ वर करून, जाड टॉवेलवर ठेवला. दोन्ही सेल झाकणात ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने, कडेने सेलोटेप गुंडाळून, खोबणीत ठेवले. एक प्रोब वरच्या सेलच्या उघड्या बाजूवर, दुसरा खोबणीच्या काठावरच्या धातूच्या आट्यांवर. मल्टिमीटर आधी २०० मिलिअँपिअरवर, मग २० वर, मग २००० मायक्रोअँपिअरवर (मायक्रो म्हणजे मिलिचा हजारावा भाग), असा मोठ्या पट्ट्याकडून लहान पट्ट्याकडे आणायचा. हात स्थिर राहत नाही, प्रोब सटकतो आणि आकडा उड्या मारतो. माझ्या भाचीने एक प्रोब धरला तेव्हा कुठे आकडे वाचण्यासारखे झाले. तिला या सगळ्याची फार मजा वाटली. आकडे मोठ्याने वाचायचं आणि वहीत लिहायचं काम तिने स्वतःकडे घेतलं, आणि ते फार उपयोगी पडलं, कारण दोन्ही हात अडकलेले असताना लिहायला तिसरा हात लागतोच.

आकडा आल्यावर तो वाचायचा कसा, याचं गणित सोपं आहे. सेलची क्षमता १५० मिलिअँपिअर-तास धरू. दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे व्होल्टेज दुप्पट होतं, क्षमता मात्र एकाच सेलची राहते. करंट २ मिलिअँपिअर असेल तर ७५ तास, म्हणजे तीन दिवस आणि वर थोडंसं. करंट ८० मायक्रोअँपिअर असेल तर साधारण १,८७५ तास, म्हणजे अडीच महिन्यांच्या आसपास. ५ मायक्रोअँपिअर असेल तर तीन वर्षांहून जास्त, आणि तेवढ्या काळात सेल स्वतःच थोडा उतरतो, म्हणून ५ मायक्रोची काळजी करायचं कारण नाही. या तीन आकड्यांमध्येच सगळं निदान आहे. मिलिअँपिअरच्या घरात करंट असेल तर काहीतरी पूर्ण चालू राहिलं आहे. दहा-वीसपासून शंभर-दोनशे मायक्रोच्या घरात असेल तर कुठेतरी झिरपतं आहे. दोन-चार मायक्रो असेल तर कॅमेरा ठीक आहे.

लिव्हर बाहेर काढून मोजलं तेव्हा आकडा मिलिअँपिअरमध्ये आला. ते अपेक्षितच होतं, मीटर चालू असताना तेवढं लागणारच. लिव्हर आत ढकलला. आकडा खाली आला आणि ८० मायक्रोच्या आसपास थांबला. शून्य नाही. झिरपतंय.

मला वाटलं, सापडलं. पण हिशोब बसेना. ८० मायक्रोवर सेल अडीच महिने टिकायला हवे होते, माझे तीन आठवड्यांतही जात होते. म्हणून भाचीला म्हटलं, अजून मोजू. लिव्हर बाहेर, लिव्हर आत, प्रत्येक वेळी आकडा. बऱ्याच वेळा ८०च्या आसपासच येत होता. मग एकदा ती म्हणाली, “मावशी, कमी झालाच नाही.” लिव्हर पूर्ण आत होता, अंगाला चिकटलेला, आणि आकडा मिलिअँपिअरमध्येच होता. लिव्हरला बोटाने नुसतं टिचकावलं तर धाडकन खाली आला. पुन्हा काही वेळा नीट बंद झाला, मग पुन्हा एकदा अडकला. आता हिशोब बसला. अधूनमधून कधीतरी, लिव्हर आत जाऊनही आतला स्विच सुटत नव्हता, आणि ज्या रात्री तो सुटला नाही त्यानंतर तीन-चार दिवसांत सेल खलास. वाटा एक नव्हे, दोन होत्या: एक झिरपणारी, कायमची, आणि दुसरी मोठी, पण लहर लागली तर उघडणारी.

अधूनमधून येणारा दोष शोधायला सगळ्यात कठीण असतो, आणि म्हणून एकदाच मोजून थांबणं धोक्याचं आहे. पहिल्या मापानंतर मी थांबले असते तर खोबण साफ करून, समाधानाने, पुन्हा मेलेला कॅमेरा हातात घेतला असता.

मल्टिमीटर नसेल तरी ही मोठी वाट पकडता येते, हे मला नंतर लक्षात आलं. एफईच्या व्ह्यूफाइंडरमध्ये डावीकडे वेगांची पट्टी आहे. तिच्यावर दोन सुया: हिरवी आपण लावलेला वेग दाखवते, काळी मीटर सांगतो तो. मीटर चालू असेल तर उजेडाबरोबर काळी सुई हलते. लिव्हर आत ढकलून व्ह्यूफाइंडरमधून बघत कॅमेरा खिडकीकडून जमिनीकडे फिरवायचा. काळी सुई हलली तर स्विच सुटलेला नाही. मात्र हे भर दुपारी, खिडकीत करायचं. संध्याकाळी घरातल्या अंधूक उजेडात सुई तशीही खालीच असते, चालू आणि बंद यांत फरक दिसत नाही. आणि एकदा नाही, लिव्हर पुन्हा पुन्हा आत-बाहेर करून दरवेळी बघायचं. ही चाचणी फुकट आहे, कुणी जुना एफई विकायला आणला तर दुकानात उभ्या उभ्या करता येते.

आधी झिरपणारी वाट. सेलच्या खोबणीत टॉर्च मारून बघितलं. तळाच्या संपर्कपट्टीभोवती पांढुरकी साय, एका कडेला हिरवट डाग. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते बाहेर आलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरे क्षार होतात, तांब्याला लागलं की हिरवं पडतं. कोरड्या हवेत हे क्षार एक वेळ गप्प पडून राहतील. ठाण्यात, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर असलेल्या गावात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पोटॅशियमचे क्षार ओलावा ओढून घेतात आणि ओले झाले की करंट वाहून नेतात. संपर्कपट्टी आणि बॉडी यांच्यामध्ये अशा ओल्या क्षारांचा पूल तयार झाला होता. मामाकडे, पुण्यात, हाच कॅमेरा वर्षवर्ष एका सेलवर चालायचा, याचं निम्मं उत्तर मला इथे मिळालं.

हे क्षार अल्कधर्मी, म्हणून सौम्य आम्लाने निघतात. मी व्हिनेगर वापरलं, लिंबाचा रसही चालतो. कापसाच्या काडीचं टोक ओलसर करायचं, टपकेल इतकं नाही. कॅमेरा तळ खाली करून धरायचा, म्हणजे काही सांडलंच तर आत न जाता बाहेर येईल. थोडं फेसाळतं, ते थांबलं की कोरड्या काडीने पुसायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा पुसून आम्लाचा अंश काढून टाकायचा. संपर्कपट्टीवर जो मळकट थर उरला तो पेन्सिलच्या खोडरबराने घासला. सँडपेपर वापरू नये, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. झाकणाच्या आट्याही पुसल्या, कारण सर्किट तिथूनही जातं. एक रात्र पंख्याखाली उघडं ठेवून सकाळी मोजलं. आकडा ३ मायक्रोपर्यंत उतरला होता. भाचीने वहीत त्याच्याभोवती गोल काढला.

स्विचला मी हात लावला नाही. त्यासाठी कॅमेऱ्याचं वरचं आवरण काढावं लागतं, आणि तिथे सुईला जाणाऱ्या केसासारख्या तारा, डायलची जुळणी, सगळं एकत्र असतं. यूट्यूबवर बघून उघडलेले कॅमेरे नंतर दुरुस्तीवाल्यांकडे डब्यात भरून येतात, असं मी ऐकलं होतं. फोर्टात, बोरा बाजारात, कॅमेरे दुरुस्त करणारे एक वयस्कर काका मामाच्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे गेले. बरोबर वही नेली. हे मी मुद्दाम सांगते, कारण “सेल लवकर संपतात” एवढंच सांगितलं की दुरुस्तीवाला काय करणार? तो सेल घालणार, कॅमेरा चालतो आहे म्हणणार आणि परत देणार. मी त्यांना आकडे दाखवले: लिव्हर आत, कधी ३ मायक्रो, कधी पूर्ण चालू; टिचकावल्यावर बंद. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वही दोनदा वाचली आणि म्हणाले, “बसा, तासाभरात दाखवतो.”

वरचं आवरण निघाल्यावर त्यांनी मला बोलावून भिंगातून दाखवलं. लिव्हरच्या मुळाशी संपर्काची पातळ पत्री, लिव्हर आत आला की ती उचलली जायला हवी. तिच्याजवळ जुनं ग्रीस घट्ट, मधासारखं झालं होतं आणि पत्रीवर काळपट-हिरवा थर. पत्री उठायची, पण आळसावून, आणि कधी कधी चिकटून तशीच राहायची. त्यांनी ग्रीस विरघळवून काढलं, पत्री पुसली, चिमट्याने तिला अगदी किंचित ताण दिला. “बदलायला काही नाही. चाळीस वर्षं झाली, ग्रीस कुणाचंही घट्ट होणार. पावसात कपाटात ठेवता ना? कपाटात नका ठेवू. महिन्यातून चार वेळा लिव्हर तरी ओढा, नाहीतर सगळं बसून जातं.” मग त्यांनी स्वतःच्या मीटरवर माझ्यासमोर लिव्हर मागेपुढे करत आकडे दाखवले. मी मोजत नव्हते, पण ते बराच वेळ करत राहिले, एकदाही अडकला नाही तेव्हाच आवरण बसवलं. इतक्या निगुतीने काम करणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत, आणि जुना कॅमेरा ठेवायचा तर अशा एका माणसाचा पत्ता आपल्याकडे असायलाच हवा.

घरी आल्यावर कॅमेऱ्याची जागा बदलली. आता तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक घालून. आकडा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवते. त्याहून वर गेला की लेन्सला बुरशी, फार खाली गेला तर जुनं चामडं आणि ग्रीस वाळतं. जेल ओली झाली की कढईत मंद आचेवर परतून घेते. कॅमेरा दोन आठवड्यांहून जास्त राहणार असेल तर सेल काढून डब्याच्या कोपऱ्यात. आणि या कॅमेऱ्यात अल्कलाइन पुन्हा घालणार नाही, त्यांची गळती एकदा बघितली तेवढी पुरे. सीआर१/३एन चा विचार केला होता, लिथियम जास्त दिवस साठवता येतो, पण तो मला ठाण्यात सहज मिळत नाही आणि एसआर४४ घड्याळवाल्या काकांकडे कधीही मिळतात, तारीख बघून.

दुरुस्तीनंतर घातलेली जोडी अजून तीच आहे. तिच्यावर उपवन झालं, रायलादेवी झालं, कचराळी पुन्हा झालं, या वेळी प्रतिबिंबासकट.

हे ऐकून मावसभाऊ त्याचा पेंटॅक्स के१००० घेऊन आला, त्याचाही सेल टिकत नाही म्हणून. मी मल्टिमीटर काढला, पण त्याच्या कॅमेऱ्यात शोधण्यासारखं वेगळंच होतं. १९७६ पासून १९९७ पर्यंत बनलेल्या या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचा स्विचच नाही. त्याचा मीटर उजेड ओळखणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या घटकावर चालतो. उजेड पडला की त्याचा रोध कमी होतो आणि करंट वाढतो, अंधार झाला की करंट अगदी नाममात्र उरतो. म्हणजे लेन्सची टोपी हाच त्याचा स्विच. टोपी घालून मोजलं, काढून मोजलं, दोन आकड्यांतला फरक त्याने स्वतः वाचला. त्याचा कॅमेरा हॉलमधल्या शोकेसमध्ये, खिडकीसमोर, टोपीशिवाय ठेवलेला असतो, छान दिसतो म्हणून. शटर यांत्रिक असल्याने त्याचे फोटो कधी अडले नाहीत, फक्त सुई बंद पडायची. त्याच्या ५० मिलिमीटरच्या लेन्सला ४९ मिलिमीटरची टोपी लागते. पुढच्या वेळी बोरा बाजारात जाईन तेव्हा आणते, असं त्याला सांगितलं आहे. तोवर त्याने कॅमेरा शोकेसमधून काढून बंद पिशवीत ठेवला आहे.